हरलेल्याचा टॉवेल

ईरा आणि निमिष, गाण्याच्या स्पर्धांचे निकाल मुंबईत लागतात अशी तुमची समजूत असेल, तर ती चुकीची आहे. गेली कित्येक वर्षं ते सोलापुरात, पूर्व भागात, आमच्या घरासमोरच्या अक्कांच्या पुढच्या खोलीत लागतात. मुंबईत नुसती घोषणा होते, आणि अक्कांच्या मते ती बहुतेक वेळा चुकते.

अक्का तेलुगू घरातल्या, म्हणून त्या साऱ्या गल्लीच्या अक्का. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असूनही मी त्यांना अक्काच म्हणते, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते म्हणून त्या मला बाई म्हणतात. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये चार माग आहेत आणि त्यांवर टॉवेल विणले जातात. जन्मभर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे हळू बोलणं ही गोष्ट अक्कांना येतच नाही. एकदा त्यांना मला त्यांच्या सुनेबद्दल काही खाजगी सांगायचं होतं. त्या मला हाताला धरून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत घेऊन गेल्या, तोंडावर पदर धरला, आणि सांगून झाल्यावर आम्ही मागे वळून पाहिलं तर सून घराच्या दारात उभी. तिथूनच ती म्हणाली, "आत्या, तुमी सांगायलाव ते खोटं हाय." हा स्वभाव लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा तुमचे आईबाबा कॉलेजात होते. शनिवार-रविवारी संध्याकाळी अक्कांच्या पुढच्या खोलीत वीस खुर्च्या मांडल्या जात. जागा ठरलेल्या होत्या. मी पहिल्या रांगेत डावीकडे, कारण माझ्याकडे घड्याळ होतं. वरच्या माडीवरच्या बानूआपा माझ्या शेजारी, कारण त्यांना रडताना धरायला कोणीतरी लागे. आपा दुःखाच्या गाण्याला रडतात, आनंदाच्या गाण्याला जास्त रडतात, आणि एकदा साबणाच्या जाहिरातीला रडल्या होत्या. कार्यक्रम सुरू झाला की अक्का मुलाला माग बंद करायला लावत. तासभर चार माग बंद राहणं म्हणजे काय ते त्या घरातलं माणूसच जाणे. मुलगा कुरकुर करी. अक्का म्हणत, "तुज्या बापाच्या वरातीत पन बंद ठेवले नसते इतके टाइम. पन ह्ये गानं हाय."

त्या काळी प्रेक्षकांची मतं मोबाइलवरून संदेश पाठवून द्यायची असत. गल्लीत मोबाइल होते पाच. अक्का ते पाचही टेबलावर मांडत आणि वीस माणसांची रांग लावत. इंग्रजी अक्षरं दाबायचं काम माझं. मत कोणाला द्यायचं हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवावं, असा अक्कांचा नियम होता. फक्त मन काय म्हणतंय ते बघायला त्या पाठीमागे उभ्या राहत.

परीक्षक तेव्हा कडक होते. सूर हलला तर हलला म्हणत. दहापैकी सहा गुण मिळाले तर मुलं नमस्कार करत. अक्कांचे स्वतःचे गुण वेगळे असत आणि ते मी वहीत मांडत असे. पुढे हळूहळू सगळं बदललं. दहापैकी दहा सर्वांना मिळू लागले, परीक्षक उठून टाळ्या वाजवू लागले, वरून चकचकीत कागद पडू लागले. मी असे पेपर तपासले असते तर हेडमास्तरांनी मला घरी बसवलं असतं. मग गाण्याच्या आधी गाणाऱ्याचं घर दाखवायला लागले. गळकं छप्पर, आजारी वडील, मागे करुण सनई. एका रविवारी मी घड्याळ लावलं: गाणं एक मिनिट पन्नास सेकंद, त्याआधीचं रडणं सहा मिनिटं दहा सेकंद. मी अहवाल दिल्यावर अक्का म्हणाल्या, "आता गळा न्हाई बघायलेत बाई, छप्पर बघायलेत." आपांनी डोळे पुसता पुसता मान हलवली.

पण अक्कांचं खरं वेगळेपण गुणांत नव्हतं, टॉवेलात होतं. आपल्याकडे कोणाचा मान करायचा तर टॉवेल-टोपी देतात, हे तुम्ही इथल्या लग्नांत पाहिलं आहे. पण तो मान जिंकलेल्याचा, पाहुण्याचा, व्याह्याचा. अक्का दर आठवड्याला स्पर्धेतून बाहेर पडणाऱ्याला टॉवेल पाठवत. घरच्या मागावरचा, पांढरा, लाल काठाचा. कार्यक्रम संपला की त्या शिलाई मशीन टेबलासारखं पुढ्यात ओढत, मांजरपाटाच्या तुकड्यात टॉवेल गुंडाळून तो चारही बाजूंनी हाताने टाके घालून शिवत, कारण मशीनचे टाके टपालात उसवतात असं त्यांचं मत. यात पाऊण तास जाई. मग जाड पेनाने मी त्यावर पत्ता लिहायचा: गाणाऱ्याचं नाव, आणि खाली वाहिनीचं मुंबईचं कार्यालय. किती पोचले देव जाणे. एका मुलाचं उत्तर मात्र आलं होतं. ते पत्र शोकेसमध्ये, नातवाच्या बालवाडीतल्या फोटोशेजारी उभं आहे.

एकदा भलताच घोटाळा झाला. एक मुलगा बाहेर पडला, टॉवेल गेला, आणि चार आठवड्यांनी त्याच मुलाला स्पर्धेत परत घेतलं. अशी मागच्या दाराने परत येण्याची सोय वाहिनीने नव्याने केली होती. गल्लीत आनंद झाला. अक्का सुन्न. त्यांच्या दृष्टीने टॉवेल म्हणजे पाठवणी, आणि पाठवणी झालेला माणूस चार आठवड्यांत परत आलेला त्यांनी पाहिला नव्हता. तो गायला लागला की त्या उठून स्वयंपाकघरात जात आणि डबे वाजवत. शेवटी मला बसवून एक कार्ड लिहायला लावलं: तुमचा मान झालेला आहे, तरी टॉवेल परत करावा किंवा आपण परत जावं. कार्ड मी लिहिलं, पण पेटीत टाकलं नाही, हे आज पहिल्यांदाच कबूल करते. दीड महिन्याने तो दुसऱ्यांदा बाहेर पडला. आता काय पाठवायचं यावर रात्रीच्या जेवणापर्यंत खल झाला. अखेर अक्कांनी त्याला हात पुसायचा छोटा नॅपकिन पाठवला.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदाच विचारलं. त्या टाके घालत होत्या. म्हणाल्या, यजमान तीस वर्षं गिरणीत होते. गिरणी बंद झाली त्या दिवशी ते दुपारीच घरी आले, हातात रिकामा डबा. मला वाटलं अक्का पुढेही काही बोलतील. त्या दोरा दाताने तोडून एवढंच म्हणाल्या, "तीस वर्सं टॉवेल इनले, बाई. निघताना एक दिला न्हाई कुनी."

मग गेल्या काही वर्षांत खुर्च्या कमी होत गेल्या. वीसच्या बारा, बाराच्या सात. भांडण कोणाशीच नव्हतं. ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि फोनवर त्या गाण्याचे तुकडे येऊ लागले. खुद्द अक्कांचा नातू आतल्या खोलीत पडून बघतो. शिवाय कार्यक्रम आधीच चित्रित करून ठेवतात, त्यामुळे पेपर फुटावा तसा निकाल दोन दिवस आधीच फुटतो. लोक म्हणू लागले, अक्का, फोनवर पाहिजे तेवढंच बघू की. अक्का म्हणत, "भाजीतले शेंगदाने तेवढे येचून खाल्ले तर जेवन झालं म्हनायचं का?" माग तेवढे अजून बंद होत, पण तेही आता मुलाने दिलेल्या सवलतीसारखे.

यंदा मात्र बार्शीची एक मुलगी शेवटच्या दोघांत पोचली. गळा असा की आपा रडायच्या विसरल्या. आपल्या जिल्ह्याची मुलगी, तेव्हा अंतिम फेरीला खोली पहिल्यासारखी भरली पाहिजे, असं अक्कांनी मनावर घेतलं. हळदीकुंकवाचं बोलावणं करावं तशा त्या घरोघर फिरल्या. नियम दोन: फोन दारातल्या शेंगदाण्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, आणि निकाल कोणाला कळला असेल तर त्याने यायचंच नाही. "निकाल मला त्या खोलीतच कळाय पायजे," त्या मला म्हणाल्या. "एकदा तरी पयल्यासारखा."

ईरा, अंतिम फेरीच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी तुझा संदेश आला. 'आजी, तुमची बार्शीवाली दुसरी आली. अक्कांना सांगू नकोस!' मी चहा पीत होते. तो तसाच गार झाला. मी तुझ्यावर रागावले नाही, पण चाळीस वर्षं मी मुलींना बजावलं की फुटलेला पेपर हातात आला तर डोळे मिटून घ्यावेत, आणि मी तो चष्मा लावून वाचला होता. नियमाप्रमाणे मी जायलाच नको होतं. पण मी गेले नसते तर पहिल्या रांगेतली डावी खुर्ची रिकामी राहिली असती, आणि अक्कांनी कारण ताडलं असतं. दोन दिवस मी त्यांच्यासमोर यायचं टाळलं. दूध घ्यायलासुद्धा मागच्या गल्लीतून गेले. एक गोष्ट मात्र मला तेव्हा खटकायला हवी होती: त्या दोन दिवसांत अक्काही माझ्या दारात आल्या नाहीत.

रविवारी अक्कांनी वीसच्या वीस खुर्च्या मांडल्या होत्या. शेंगाचटणी, भाकरी, मोठ्या पातेल्यात ताक. मी डब्यात फोन टाकला. तो तळाशी जाऊन ठणकन वाजला, कारण आत दुसरा फोन नव्हता. थोड्या वेळाने आपा आल्या. कोणी काही विचारलं नसताना दारातूनच म्हणाल्या, "मेरेकू कुछ नै मालूम." आणि रुमाल आधीच हातात होता. मी छताकडे पाहिलं. अक्काही छताकडे पाहत होत्या.

आणखी कोणी आलं नाही. अक्कांनी पंधरा मिनिटं दाराकडे पाहिलं, मग दार लोटून घेतलं आणि माग बंद करायला सांगितले. आम्ही तिघींनी ती अंतिम फेरी पाहिली. बार्शीची मुलगी गायली तेव्हा अक्का मधेच "आता बगा, ही जितलीच," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मीही "नक्कीच" म्हणाले. इतकं धडधडीत खोटं मी शाळेच्या तपासणीतही बोलले नव्हते. आपांनी तोंड रुमालात लपवलं. मग निकाल जाहीर झाला, दुसऱ्याचं नाव पुकारलं, कागद उडाले. अक्का "अरे देवा" म्हणाल्या. आपा रडल्या. ते सगळं अगदी जिथल्या तिथे झालं.

मी नेहमीप्रमाणे जाड पेन बाहेर काढलं आणि पाऊण तासाच्या तयारीने बसले. अक्का मशीनमागे वाकल्या आणि पार्सल घेऊन उभ्या राहिल्या. चारही बाजूंनी शिवलेलं. बारीक, हाताचे टाके. निकाल लागून पाच मिनिटंही झाली नव्हती.

मी पेनाचं टोपण परत लावलं.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"शुक्रवारी. नातवानं फोन तोंडाम्होरं धरला." त्यांनी माझ्याकडे न बघता पार्सलाची कड सरळ केली. "तुमाला सांगितलं न्हाई. म्हनलं, बाईंचा ऐतवार कशाला नासवायचा."

"मलाही शुक्रवारीच कळलं," मी म्हणाले.

आपा रुमालातून म्हणाल्या की त्यांना गुरुवारी.

खरं तर आम्ही हसायला हवं होतं, आणि नंतर खूप हसलोही. पण आधी मला आठवलं ते वेगळंच. जिला कोपऱ्यापर्यंत जाऊनही एक गुपित सांभाळता येत नाही, त्या बाईने हे दोन दिवस माझ्यासाठी पोटात ठेवलं होतं, आणि त्यासाठी माझ्या दाराशी यायचंही सोडलं होतं. मी विचारलं, सगळं ठाऊक होतं तर वीस खुर्च्या मांडून बघितलंत कशाला?

"तुमी येनार होता की," अक्का म्हणाल्या.

पत्ता लिहायला लागले तर त्यांनी हात धरला. बार्शी काय लांब आहे, नाव तेवढं लिहा, बुधवारच्या एस.टी.ने तिघी जाऊन हातात देऊ. मी नाव लिहिलं, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात. बसच्या वेळा मी चौकशी करून लिहून ठेवल्या आहेत. मागे खडखडाट परत सुरू झाला. अक्कांनी मला विचारलं, शेवटचं गाणं किती मिनिटं झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

मग माझ्या सवयीप्रमाणे मी खुर्च्या एकावर एक रचायला लागले. सतरा रचल्या, अठरावी उचलली तेव्हा अक्का ताकाचं पातेलं घेऊन आत चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"तीन राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुडल्या ऐतवारी लागतील."

स्पर्धा संपली होती. पुढल्या रविवारी त्या वेळी काहीच नव्हतं. मी अठरावी खुर्ची परत खाली ठेवली, बाकीच्या दोघींच्या खुर्च्यांच्या ओळीत, डावीकडे.