दमाची बॅटरी

चौसाळ्याला हायवेलगत रशीदभाईचं बॅटरीचं दुकान होतं. तुम्ही काहीही मागा, त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं: "न्हाई." तेही रस्त्याकडे पाठ करून, मान न वळवता. दोन वाक्यांमध्ये तो इतका थांबायचा, की गिऱ्हाइकाला वाटावं आपण याच्या दारात हात पसरायला आलोय. पहिल्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला.

मी धरणात पिंजऱ्यातले मासे राखायचं काम करतो. पिंजऱ्यांना लागून आमची नाव, नावेवर पत्र्याची खोली, खोलीत मी आणि माझी बायको सुमन. हंडाभर पाण्याला महाग असलेल्या मुलखात आमचा संसार पाण्यावर, म्हणून लोक हसतात. दोन दिवे, एक पंखा, मोबाइल आणि सुमनचं वाफेचं मशीन एवढ्यासाठी बॅटरी हवी होती. सुमनला दमा आहे.

"ट्रॅक्टरची बॅटरी द्या," मी म्हणालो.

"न्हाई."

"समोर तर मांडलीया."

"ट्रॅक्टर हाय का?"

"नाव हाय."

त्याने पहिल्यांदा मान वळवली. "ती झटक्याची हाय बे. एक झटका देती, इंजन फिरवती, गप बसती." थांबला. "दिवे-पंखे वढायला दमाची लागती. काय काय चालवायचं, सांग."

मी दिवे, पंखा, मोबाइल सांगितलं. मशीन सांगितलं नाही. नावेवर राहणाऱ्याची बायको दमेकरी म्हटलं की जो तो 'माहेरी धाडा' म्हणतो. या माणसाच्या तोंडून तर मला ते मुळीच ऐकायचं नव्हतं.

"अन् इंजन?"

"तेबी हिच्यावरच."

"न्हाई. भाऊ येगळे निघाले का चुली येगळ्या मांडत्यात ना? इंजनाची चूल येगळी, घराची येगळी. एका चुलीवर दोघं उपाशी मरत्यात."

"तुमाला इकायची का न्हाई?"

"तुला न्हाई."

मी तडक बीडला जाऊन ट्रॅक्टरचीच बॅटरी आणली आणि सगळं तिच्यावर जोडलं. पाच महिने चालली. रोज दिवे लागले की मी मनातल्या मनात रशीदभाईला शिव्या हासडायचो.

एप्रिलमध्ये एका दुपारी धुळीचा वारा सुटला आणि सुमनला उबळ आली. मशीन दोन मिनिटं घरघरलं आणि बंद पडलं. काठाला न्यावं म्हणून सेल्फ मारला, तर इंजिनाने नुसतं कट्ट केलं. मग मी वल्ही मारत सुटलो. अर्धा तास लागला. सुमन गुडघ्यांवर हात रोवून श्वास ओढत होती, ओठ निळे पडले होते, आणि हाताने मलाच 'सावकाश' म्हणून खुणावत होती. दवाखान्यात ती वाचली. त्या अर्ध्या तासाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेलेली बॅटरी घेऊन मी चौसाळ्याला गेलो. खरं तर भांडायला. बीडच्या दुकानात जायचं सोडून मी रशीदभाईच्याच दारात ओरडलो, "मशीन बंद पडलं, बायकू मरता मरता वाचली."

"कसलं मशीन?"

"वाफेचं. दमा हाय तिला."

त्याने मेलेली बॅटरी माझ्या हातातून काढून खाली ठेवली.

"नाव सांगितलीस," मग म्हणाला. "बायकू लपवलीस."

त्याने दोन बॅटऱ्या काढल्या. घराची मुद्दाम बुटकी. "उंच न्हाई. नाव कलती, आतलं ॲसिड, तिजाब सांडतं. मधोमध, तळाला बांध." श्वास घेतला. "निम्म्याखाली उतरवू नको. हंडा खडखडीत करायचा न्हाई." मग पांढरा रंग घेऊन एकीवर लिहिलं 'इंजन', दुसरीवर 'बायकू'. चार लोकांत त्याने मला चपराक मारली, असं मला वाटलं. मी पैसे टाकले, बॅटऱ्या उचलल्या आणि निघालो.

तीन वर्षं झाली, दोन्ही चालतात. परवा बॅटरीचं पाणी आणायला गेलो तर शटर बंद. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "गेले की रशीदभाई. दमाच हुता. तिजाबाच्या वाफंनं छाती खाल्ली. धूळ सोसायची न्हाई, म्हणून रस्त्याला पाठ करून बसायचे. दोन शब्द बोलले का थांबायला लागायचं. पर कुनाला सांगायचे न्हाईत."

संध्याकाळी नावेवर मी सुमनला सांगितलं. ती मशीन लावून बसली होती. पायाशी ती बुटकी बॅटरी, तिच्यावरचा रंग आता उडत चाललाय. सुमनने तोंडावरचा मास्क काढला.

"त्यांना कधी सांगितलंत का हो, आपलं मशीन चालतंय म्हणून?"

"न्हाई," मी म्हणालो.