कडू लागलं का थुकायचं
नळाखाली द्राक्षं धुताना फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला आणि दिंडोरीच्या वरचा तो डोंगर आठवला. वानरं काय खातात याच्या नोंदी करायला मी तिथं वर्षभर होतो. सोबतीला पाड्यावरचे एक बाबा असायचे. वानरानं खाल्लेलं प्रत्येक पान ते स्वतः चावून बघायचे. "कडू लागलं का थुकायचं. वांदर बी तेच करतं, म्हून जगतं," म्हणायचे. खरंच, वानरं एका झाडाची चार कोवळी पानं खाऊन दुसऱ्यावर जायची. जून पानातलं विष त्यांना जिभेवरच कळायचं. त्या फाल्गुनात वणव्यानं सगळी पालवी जळाली, उंच झाडांवर उरली ती जून, कडू पानं. भुकेला कळप खालच्या द्राक्षबागेत उतरला. बागेवर आदल्याच दिवशी फवारणी झाली होती. सकाळी बांधावर सात वानरं मरून पडलेली, एका मादीच्या मुठीत अर्धा घड. बाबांनी सवयीनं त्यातला मणी तोडून तोंडाशी नेला. मी हातावर फटका मारून तो पाडला. बाबा त्या मण्याकडे बघतच राहिले. "हे कडू नसंल ना, भाऊ?" मी तो मणी टाचेनं मातीत दाबला. अजूनही पहिला मणी चावून मी क्षणभर थांबतो. गोडच लागतो.