राजेंच्या डॉक्टरीणबाई

सुनंदाताई पक्ष्यांच्या काचघरात शिरायच्या आधी कपाळावरची लाल टिकली काढून दाराच्या चौकटीला चिकटवायच्या. नाही काढली, तर राजे फूल समजून थेट कपाळावर यायचे! राजे म्हणजे अँडीजच्या डोंगरातल्या ढगाळ जंगलातला हमिंगबर्ड. हिरवाकंच, कानाशी जांभळा, मूठभरही नाही. ताई त्याच्या डॉक्टर, मूळच्या नागपूरच्या. मी इथला, कॅनडातल्या मार्कहॅमचा सॉफ्टवेअरवाला. त्या काचघराचं हीटिंग आमची कंपनी बघते.

जानेवारीत एका सकाळी ताईंचा फोन. "हीटिंग बंद पडलं जी, लवकर या." ड्राइव्हवेवरचा बर्फ अर्धवट उपसून धावलो. राजे ताईंच्या तळहातावर पडलेले, डोळे मिटलेले, थंडगार. काचघराचा मॅनेजर, मूळचा दिल्लीचा, प्लास्टिकची पिशवी उघडून उभा. "मॅडम, मर गया. फ्रीझर में रख देते हैं." मेलेला पक्षी तपासणीपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवायची तिथली पद्धत.

"काहून घाई करून राहिले तुम्ही?" ताई मराठीतच कडाडल्या. मग त्याला हिंदीत म्हणाल्या, "ठंड में ये ऐसे ही सोता है. रुको."

माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "थंडीत मेल्यासारखाच पडते हा जीव. पण इतका गार मीबी नाही पाह्यला." मी घाईघाईने छोटा हीटर आणून जवळ लावला, तर माझ्यावरच खेकसल्या. "अहो, तंदुरी लावायची आहे का? हळूहळू ऊब द्या लागते!"

राजेंना त्यांनी स्वेटरच्या आत, गळ्याशी धरलं. मी बॉयलर सुरू करून परत आलो, तरी हालचाल नाही. मॅनेजर पिशवी चुरगळत उभा. संपलं सगळं, असंच मला वाटलं. ताई, सोडा आता, असं म्हणायला पुढे झालो.

आणि स्वेटर थरथरला. ताईंनी राजेंना बाहेर काढलं. पंख कापत होते, एक डोळा उघडला. ताईंनी साखरपाण्याचा थेंब चोचीशी नेला. "उठा राजे, खूप झाली झोप." दोऱ्यासारखी जीभ बाहेर आली. ताई मटकन जमिनीवर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

एप्रिलमध्ये राजे म्हातारपणाने गेले. ताईही रिटायर होऊन मुलाकडे कॅल्गरीला निघाल्या. निरोपाला गेलो, तेव्हा म्हटलं, "एवढं करून शेवटी गेलाच हो."

ताई बॅग भरता भरता थांबल्या. "मरण कोणाले चुकलं जी? पण त्या दिवशी आपण त्याले जिवंतच फ्रीझरमध्ये टाकलं असतं ना!"