माझ्या हातून खाणारे हायड्रा

मंडळी, धुळ्याहून परतताना बसमध्येच हे लिहितेय. डोकं फिरलंय.

मेहरूण तलावातल्या पाणवनस्पतींवर हायड्रा नावाचा जीव सापडतो. नखाएवढाही नसतो, पण कापला तर तुकड्याला पुन्हा डोकं फुटतं. आमच्या लॅबमध्ये आम्ही औषधाने त्याच्या मूलपेशी मारल्या, म्हणजे नव्या चेतापेशी बनत नाहीत, जुन्याही हळूहळू संपतात. तरी नुसत्या कातडीच्या पेशींनी त्याचं शरीर घडलं, अंगावर पिल्लंही फुटली. फक्त त्याला स्वतःहून खाता येत नाही. सहा महिने रोज माझ्या गावाहून, असोद्याहून, पहिली एसटी पकडून मी अशा चौदा हायड्रांना एकेक करून बारीक काचेच्या नळीने भरवलंय.

आज धुळ्याच्या परिषदेत रूपालीने, माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीने, हे सगळं एकटीच्या नावावर मांडलं. परिषदेचा फॉर्म आमच्या लॅबच्या सरांनी भरला होता. मला म्हणाले होते, "तू कशाला दगदग करतेस, मी बघतो."

एकाने विचारलं, "चेतापेशी नाहीत, मग हे खातात कसे?"

रूपाली म्हणाली, "आपोआप."



बाहेर आमच्या लॅबचे शिपाई नाना हळूच म्हणाले, "बठ्ठं तूच करेल शे, माले माहीत शे." सगळं मीच केलंय, हे आत मात्र कुणीच बोललं नाही. मीसुद्धा.

उद्या ते चौदा हायड्रा माझी वाट बघणार नाहीत, तेवढ्याही चेतापेशी त्यांच्यात उरलेल्या नाहीत. पण मी गेले नाही तर ते उपाशी मरतील, आणि रूपालीला वाटेल ते आपोआप खातायत.

तुम्ही असता तर पहिली एसटी पकडली असती का?