टाळी कुठे घ्यायची

भडगाव परिसरात समतेवर भाषण द्यायचं तर भाऊंनीच, आणि माईक माझा. ऐकून ऐकून त्यांची टाळी कुठे येणार ते मला आधीच कळतं. आधी ते आवाज इतका खाली आणतात, की लोक पुढे वाकतात. मग ‘आपण’ हा शब्द दर वेळी एक पट्टी वर चढत येतो.

परवा त्यांना समतेचा पुरस्कार मिळाला.

“हा पुरस्कार माझा नाही, आपला आहे. आमच्या वस्तीचा स्मशानाचा रस्ता कोणी मोकळा केला? आपण!”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्या रस्त्यासाठी पूर्वी तहसीलसमोर उन्हात धरणं धरून बसलेल्या, वस्तीतल्या अक्का प्रेक्षकांतून उठल्या. मी त्यांच्या हातात माईक दिला.

“भाऊ, रस्ता आजून बंदच शे.”

भाऊ अजिबात गडबडले नाहीत. ते व्यासपीठावरून खाली आले आणि सगळ्यांदेखत अक्कांच्या पाया पडले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कुणाचं तोंड इतक्या आदराने बंद केलेलं मी पाहिलं नव्हतं.

अक्का बोलतच होत्या. मी आवाज पूर्ण वाढवला, तरी पहिल्या रांगेलासुद्धा काही ऐकू गेलं नाही.