धुतलेलं घर

खाडीची हवा खायला माणसं पैसे मोडून का येतात, हे कोपरीच्या आवडाबाईला उभ्या जन्मात कळलं नाही. ती मिठागरातच वाढलेली. तिच्या मते खारा वारा हा कुलपं गंजवायला आणि लुगडी कुजवायलाच असतो. पण गुणाजीराव आणि मारुतीराव या गिरगावच्या दोन साडूंनी मिळून खाडीकाठी हवापालटाची बंगली बांधली, आणि नवऱ्यामागे आवडाबाई तिची राखणदारीण झाली. त्याला बारा वर्षं झाली.

वैशाखातले पंधरा दिवस एका साडूचे, पुढचे पंधरा दुसऱ्याचे. ठरवायला काय जातंय! पहिली पाळी गुणाजीरावांची. त्यांची विमलाबाई गेली की मारुतीरावांची कलावती नाकाला पदर लावून म्हणायची, ताईने उकिरडा केलाय. पुढच्या साली ताई विहिरीतल्या आंब्याच्या कोयी दाखवून धाकटीचा उद्धार करायची. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींची पोरं सारखीच द्वाड, आणि खरकटं काढायला एकटी आवडाबाई. दोघांचं घर म्हणजे कुणाचंच नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

ती चडफडायची, पण गप्प राहायची. त्या गप्प राहण्यापायीच लेकीच्या, गोदाच्या, पहिल्या बाळाचं बारसं हुकलं. बारसं होतं आवडाबाईच्याच झोपडीत, हाकेच्या अंतरावर. पण पाहुणे दोन दिवस जास्त राहिले आणि नातवाला पाळण्यात घातलं शेजारणीने. गोदा एक शब्द बोलली नाही. तेच आवडाबाईला फार लागलं.

आता दुसऱ्या खेपेचं बारसं गोदाच्या सासरी, खडवलीला होतं. तिने निरोप धाडला होता, की आई आल्याशिवाय पाळणा हलायचा नाही. नेमकी त्याच दिवशी बंगलीत पाळी बदलायची होती. म्हणून आवडाबाईने आदल्या दिवशीच मातीच्या जमिनीचं सगळं घर शेणाने सारवून काढलं, कंबरेचा काटा ढिला झाला तरी. सकाळी ती घरी जाऊन लुगडं बदलून, बाळाची कुंची घेऊन, धाकटीला स्टेशनात द्यायची किल्ली न्यायला आली, तर उंबऱ्यातच तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला.

यंदा धाकटीला बोलायला जागा ठेवायची नाही म्हणून विमलाबाईंनी गड्याकडून वीस घागरी पाणी ओतून घर धुवून घेतलं होतं. गिरगावात फरशी धुतात तसं! टांगा दारात उभा होता, आणि बाई कौतुकाची वाट बघत होत्या.

आवडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा सारवायचं म्हणजे गाडी गेली, बारसं गेलं. तिने गोठ्यातून शेणाचं घमेलं आणून विमलाबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"बाय, घर तुमचा, चिखल तुमचा. आज हात पन तुमचंच लागू द्या. मना माज्या नातीकडं जायाचा हाय."

विमलाबाईंनी टांग्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं. तासाभरात धाकटी इथे उभी राहील आणि काय काय बोलेल, तेही त्यांना दिसलं असावं. त्यांनी बांगड्या मागे सारल्या.

ठाण्याला मुंबईहून खडवलीकडे जाणारी गाडी आली. तिच्यातून कलावती पोरांसकट उतरली. आवडाबाईला नटलेली बघून ती चपापली आणि घर तयार आहे ना, म्हणून विचारू लागली.

"ताय सारवते हाय तुमची," आवडाबाई डब्यात चढत म्हणाली. "पडवी सारवायला तुमच्यासाठी ठेवली हाय."