कोरीटपर्यंत पोचणारी शिंक
रनाळ्यात आमच्या शेजारची जिजी शिंकली की पार पलीकडच्या कोरीट गावचे बैल जू झुगारून पळत. खोटं वाटलं तर बैलांना विचारा. मांजर नुसतं दारावरून गेलं तरी तिचा श्वास कोंडायचा.

आमच्या मुलीच्या बारशाला बायांनी झबली आणली. जिजीने पदरातून मांजरीचं पिल्लू आणलं आणि पाळण्यात ठेवलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून धारा, छातीत घरघर.

मी म्हटलं, "जिजी, जीव जाई ना तुन्हा."

ती म्हणाली, "मन्ही मायनी घरमा मांजर येऊ दिधं नही, भाऊ, म्हनून माले मांजर सोसत नही. हाई पोर मन्हासारखी नको व्हवाले."

वर्षभर ती पिल्लू घेऊन रोज आली.

आज मुलगी मांजर गळ्यात घेऊन झोपते, एकदाही शिंकत नाही. जिजी गेल्यापासून कोरीटचे बैलही सुस्तावलेत.